छोटा ज्युसर घेताना रसाआधी चोथा बघा

आमच्या माळ्यावर एक ज्युसर नऊ वर्षं झोपला होता. खोक्यासकट, थर्माकोलसकट, वॉरंटी कार्डासकट. रस चांगला काढायचा, त्याबद्दल तक्रार नव्हतीच. पण एक पेला गाजराच्या रसासाठी सात भाग धुवायचे, जाळी ब्रशनं घासायची आणि ओट्यावर जागा नाही म्हणून सगळं वाळवून परत खोक्यात भरायचं. तिसऱ्या आठवड्यात तो वर गेला तो गेलाच. शेवटी भंगारवाल्यानं किलोच्या भावानं नेला.

दुसरा ज्युसर घेताना मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. दुकानदार रस दाखवतो, मी चोथा बघितला आणि धुवायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. पहिल्यांदाच छोटा, विजेवर चालणारा ज्युसर घेणाऱ्यांसाठी तीच पद्धत इथे लिहिते आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच एवढंच साहित्य लागतं.

पायरी १: आठवडाभर ज्युसरशिवाय रस काढा

हे ऐकून लोक हसतात, पण पैसे वाचवणारी पायरी हीच आहे. घरात मिक्सर असतोच. फोडी करा, थोडं पाणी घालून फिरवा, धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या. मोसंबी-लिंबासाठी हातानं दाबायचं रसपात्र आहेच. सात दिवस हे करा आणि रोज काय काढलं ते फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहा.

चौथ्या दिवशीच कंटाळा आला तर नवं यंत्र आणून तो जाणार नाही. टिकलात तर तुमच्या हातात एक यादी असेल, आणि ज्युसरची निवड त्या यादीवर ठरते. "सगळ्या फळांचा रस काढतो" असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण तुमच्या घरात सगळी फळं येतात कुठे? आमच्याकडे यादी निघाली ती अशी: मोसंबी चार वेळा, गाजर-बीट दोनदा, डाळिंब एकदा. पालक शून्य. पालकाचा रस पिण्याचा संकल्प मात्र दर १ जानेवारीला असतो.

काही गोष्टी यादीतून आत्ताच काढून टाका. आंबा, केळं, चिकू, पपई यांचा रस निघत नाही, गर निघतो. त्यांच्यासाठी मिक्सर किंवा पुरणयंत्रच बरं. ऊस घरगुती ज्युसरमध्ये कधीही घालू नका. रसवंतीच्या चरकात लोखंडी लाट्या असतात, आपल्या यंत्रात प्लॅस्टिकचा स्क्रू. आवळ्याची, जर्दाळूची बी आधी काढायलाच हवी. एका बीनं स्क्रूला चीर पडू शकते, आणि असं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

पायरी २: यंत्राची जात ओळखा

छोटा ज्युसर या नावाखाली बाजारात चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. इथे गल्लत झाली तर पुढची सगळी मोजमापं वाया.

पहिली जात म्हणजे लिंबूवर्गीय फळांचा ज्युसर. वर एक शंकू असतो, अर्धं फळ दाबलं की तो फिरतो. मोटर साधारण २५ ते ४० वॅटची, वजन किलोभर, धुवायचे भाग तीन. काही शंकू दोन्ही दिशांनी फिरतात, त्यानं कोपऱ्यातला रसही निघतो. मोसंबी, संत्री, लिंबू एवढ्यापुरताच त्याचा उपयोग, पण तेवढं काम तो फार सुरेख करतो.

दुसरी सेंट्रिफ्यूगल. खाली दातेरी चकती, भोवती जाळी. मिनिटाला हजारो फेरे घेत फळ किसतं आणि रस जाळीतून बाहेर फेकला जातो. काम झटपट, आवाज मोठा, फेस भरपूर. गाजर, बीट, सफरचंद अशा टणक गोष्टींत बरा, पालेभाजीत अगदीच वाईट. आपल्याकडचे ज्युसर-मिक्सर-ग्राइंडर याच कुळातले.

तिसरी कोल्ड प्रेस, म्हणजे स्लो ज्युसर. आत जाड स्क्रू असतो, तो मिनिटाला साधारण ४० ते १०० फेरे घेत फळ चिरडतो आणि जाळीवर दाबतो. डाळिंबाचे दाणे, गव्हांकुर, पुदिना, पालक यांसाठी हीच जात. फेस कमी, आवाज कमी, वेळ जास्त, किंमतही जास्त.

चौथी वस्तू ज्युसर नाहीच. यूएसबीवर चार्ज होणारी बाटली. खाली पाती, वर तीनशे-चारशे मिलिलिटरचं भांडं. हा छोटा मिक्सर आहे, यात चोथा वेगळा होत नाही. प्रवासात मिल्कशेक करायला ठीक. रसाच्या आशेनं घेऊ नका.

आता मोसंबीची एक गंमत, जी मला उशिरा कळली. कोल्ड प्रेसमध्ये मोसंबी बियांसकट घातली की रस कडवट होतो, आणि ठेवला तर आणखी कडू होत जातो. मोसंबी-संत्र्याच्या बियांमध्ये आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात असा एक पदार्थ असतो, की रसातल्या आम्लामुळे त्याचं हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतर होतं. लिमोनिन कडू असतं. शंकूवर फळ दाबताना बिया चिरडत नाहीत, त्यामुळे हा त्रास कमी. ज्यांच्या यादीत मोसंबी सोडून काही नाही त्यांनी महागडं यंत्र घेतलं तर जास्त पैसे देऊन जास्त कडू रस पिण्याची पाळी येते. आमच्या यादीत गाजर, बीट आणि डाळिंब होतं म्हणून मी छोटा कोल्ड प्रेस घेतला, आणि मोसंबीसाठी हातातलं रसपात्र ठेवलं.

पायरी ३: ओटा मोजा

टेप घ्या. ओटा आणि वरचं कपाट यांतलं अंतर बहुतेक घरांत दीड ते दोन फूट असतं. उभा कोल्ड प्रेस दीड फुटाच्या आसपास जातो, आणि त्यावर फळ ढकलायचा दट्ट्या उचलायला आणखी वीतभर जागा लागते. म्हणजे यंत्र कपाटाखाली मावेल, पण वापरताना प्रत्येक वेळी पुढे ओढावं लागेल. त्याचं वजन चार-पाच किलो असेल तर घरातल्या ज्येष्ठांना ते जमणार नाही. बसकं, आडवं मॉडेल उंचीत मावतं पण लांबी खातं.

सॉकेट कुठे आहे तेही बघा. वायर बऱ्याचदा जेमतेम मीटरभर असते. ओल्या ओट्यावर, सिंकच्या कडेनं एक्स्टेन्शन बोर्ड ओढून ज्युसर चालवणं हा वेडेपणा आहे.

पायरी ४: खोकं वाचा, जाहिरात नको

वॅटचा आकडा मोठा म्हणजे यंत्र दमदार, असं दुकानात ठासून सांगतात. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं, एवढंच. कोल्ड प्रेसची मोटर दीडशे-दोनशे वॅटची असते, पण गिअर लावून तिचा वेग उतरवलेला असतो आणि त्या बदल्यात पीळ वाढवलेला असतो. सायकल चढावर हलक्या गिअरमध्ये टाकतो तसंच. त्यामुळे दोनशे वॅटचा स्लो ज्युसर डाळिंब चिरडतो आणि पाचशे वॅटचा सेंट्रिफ्यूगल पालकापुढे हात टेकतो. वेगवेगळ्या जातींच्या वॅटची तुलना करू नका. विजेच्या बिलाची काळजीही सोडा: २०० वॅटचं यंत्र रोज पंधरा मिनिटं चाललं तर महिन्याला जेमतेम दीड युनिट होतं.

त्यापेक्षा "सलग किती वेळ चालवायचं" हे शोधा. ते बारीक अक्षरात, कधी फक्त माहितीपत्रकात असतं. छोट्या यंत्रांत हा वेळ कमी असतो, कारण मोटर लहान आणि हवा खेळायला जागा कमी. चार माणसांचा रस काढायला तुम्हाला बारा मिनिटं लागत असतील आणि यंत्राला दहाव्या मिनिटाला विश्रांती हवी असेल, तर ते यंत्र तुमच्या घरासाठी लहान पडतं.

आयएसआय चिन्ह असेल तर त्याखाली परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अॅपमध्ये तो टाकून खरा की खोटा ते तपासता येतं. दुकानात उभं राहून मिनिटभराचं काम आहे, संकोच नको. दोन पिनांचा प्लग दिसला तर यंत्रावर चौकोनात चौकोन असं चिन्ह आहे का ते बघा. त्याचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन, म्हणून अर्थिंगची तिसरी पिन लागत नाही. ते चिन्ह नाही आणि पिनाही दोनच, तर यंत्र खाली ठेवा.

आणखी एक प्रश्न दुकानदाराला नक्की विचारा: जाळी सुटी मिळते का, केवढ्याला? ज्युसरमध्ये झिजते ती जाळी आणि रबरी वॉशर. मोटरची वॉरंटी पाच वर्षांची असली तरी जाळी त्यात बहुधा नसते. सुटी जाळी मिळत नसेल तर यंत्राचं आयुष्य जाळीएवढंच.

फळ घालायच्या तोंडाची रुंदीही बघा. छोट्या यंत्रांत ती चार सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे प्रत्येक गाजर उभं चिरायचं, बिटाच्या बोटाएवढ्या फोडी करायच्या. रुंद तोंडाची मॉडेलं सफरचंद अख्खं गिळतात खरी, पण तेवढी मोठीही असतात. सकाळी डबे भरायची घाई असते त्या घरात हा फरक जाणवतो.

पायरी ५: पहिल्याच आठवड्यात कसोटी

ऑनलाइन घेतलेल्या वस्तूंची परत करायची किंवा बदलून घ्यायची मुदत बऱ्याचदा सात ते दहा दिवसांचीच असते. म्हणून "येत्या रविवारी उघडू" असं करू नका. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, भाग मोजा, भेगा बघा. फळाला लागणारे सगळे भाग साबणाच्या पाण्यानं धुवा. मोटरचा भाग मात्र पाण्यात बुडवायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा.

सगळ्यात आधी सुरक्षेची चाचणी, फळ न घालता. झाकण अर्धवट बसवून बटण दाबा. यंत्र सुरू झालं तर लगेच परत करा, पुढच्या चाचण्यांची गरजच नाही. तोंडात बोटं किंवा चमचा घालून फळ ढकलायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना, मुलांना तर दोनदा सांगा. त्यासाठीच दट्ट्या दिलेला असतो.

मग गाजर. गाजरच का, तर ते बारा महिने मिळतं, टणक असतं आणि यंत्राची लबाडी उघडी पाडतं. धुऊन, शेंडे काढून, चिरून बरोबर ५०० ग्रॅम घ्या. रसाचं भांडं आणि चोथ्याचं भांडं रिकामं असताना तोलून ठेवा. यंत्र चालवा आणि शेवटी अर्धं मिनिट तसंच रिकामं फिरू द्या.

आता तीन आकडे लिहा: रसाचं वजन, चोथ्याचं वजन आणि दोन्हींची बेरीज. समजा रस २५० ग्रॅम आणि चोथा २०० ग्रॅम आला. बेरीज ४५०. मग ५० ग्रॅम गेले कुठे? ते यंत्राच्या पोटात, जाळीला आणि स्क्रूला चिकटून बसले. मोठ्या यंत्रात दोन किलो गाजरांमागे एवढं अडकलं तर कोणाला कळणारही नाही. छोटं यंत्र आपण एक-दोन पेल्यांसाठी लावतो आणि अडकणारा भाग दर वेळी जवळपास तेवढाच असतो, त्यामुळे इथे तो डोळ्यावर येतो. लहान यंत्रांची तुलना करताना हा तिसरा आकडा मी आधी बघते.

नंतर चोथा मुठीत घेऊन पिळा. बोटांच्या फटींतून थेंब गळले तर यंत्रानं काम अर्धवट सोडलंय. चांगल्या कोल्ड प्रेसचा चोथा लाकडाच्या भुशासारखा मोकळा लागतो, सेंट्रिफ्यूगलचा दमट असतो. अजून खात्री हवी तर तोच चोथा पुन्हा यंत्रातून काढा. दुसऱ्या फेरीत चमचा-दोन चमचे रस आला तर ठीक, पण पाव पेला आला तर जाळी किंवा दाब कमी पडतोय.

रस पारदर्शक पेल्यात ओतून दहा मिनिटं ठेवा. वर दोन बोटं फेस आणि खाली पाणी असे थर झटपट पडत असतील तर रसात हवा खूप मिसळली आहे. असा रस वाईट नसतो, पण लगेच प्यावा लागतो. कोल्ड प्रेसमुळे जीवनसत्त्वं जशीच्या तशी राहतात, सेंट्रिफ्यूगलच्या उष्णतेनं जळून जातात, असं जाहिरातीत सांगतात. अर्ध्या मिनिटाच्या फिरण्यात रस इतका तापत नाही. हात लावून बघा, गार फळाचा रस गारच लागेल. खरा फरक मिसळणाऱ्या हवेचा, आणि लगेच पिणाऱ्याला तो फार जाणवणारा नाही.

दुसऱ्या दिवशी तंतूंची परीक्षा. आलं किंवा पालक घ्या. आल्याच्या पातळ आडव्या चकत्या करा, पालकाचे देठ दोन-दोन इंचांचे कापा. उभे लांब तंतू स्क्रूला दोऱ्यासारखे गुंडाळले जातात आणि यंत्र गुरगुरून थांबतं. थांबलं तर रिव्हर्स बटण तीन-चार सेकंद दाबून पुन्हा पुढे चालवा. एकदा अडकणं स्वाभाविक आहे. नीट कापूनही दर दोन मिनिटांनी अडकत असेल तर परत करा.

आवाजासाठी डेसिबलचा आकडा शोधत बसू नका. सकाळी सहाला यंत्र लावा आणि शेजारच्या खोलीत झोपलेलं माणूस उठतंय का ते बघा. नव्या मोटरला पहिल्या एक-दोन वेळा किंचित वार्निशचा वास येतो, तो जातो. जळका वास तिसऱ्या-चौथ्या वेळीही येत असेल किंवा मोटरच्या बाजूला हात ठेववत नसेल, तर यंत्र सदोष आहे.

पायरी ६: धुणं, घड्याळ लावून

मला विचाराल तर अर्धे गुण इथेच द्यावेत. स्टॉपवॉच सुरू करा: भाग सुटे करणं, चोथा काढणं, जाळी घासणं, विसळणं, पालथं घालणं. माझ्या हिशेबानं पाच मिनिटांच्या आत झालं तर यंत्र रोज वापरलं जातं. दहा मिनिटं लागली तर फक्त रविवारी. त्याहून जास्त लागत असतील तर माळ्याची जागा रिकामी करून ठेवा.

जाळी उजेडाकडे धरून बघा. बंद झालेली भोकं दिसतात. सोबत आलेला ब्रश बाहेरून आत असा मारा. रस काढल्यावर लगेच, पेला तोंडाला लावायच्याही आधी, सगळे भाग पाण्यात टाकायचे. गाजराचा चोथा जाळीत वाळला की सिमेंट होतो. प्लॅस्टिकवर गाजराचा केशरी डाग राहिला तर साबण घासत बसू नका, खाद्यतेलाचं बोट फिरवून मग धुवा. तो रंग तेलात विरघळतो. बोअरच्या जड पाण्यानं जाळीवर पांढरा थर धरला तर कोमट पाण्यात लिंबू पिळून अर्धा तास बुडवून ठेवा.

कोल्ड प्रेसच्या भांड्याखाली चोथ्याच्या तोंडाशी एक छोटी रबरी झडप असते. ती उघडून धुवायची राहून गेली की दोन दिवसांत वास सुटतो, आणि आपण उगाच यंत्राला नावं ठेवतो.

रस पिण्याआधी दोन गोष्टी

सकाळी बागेबाहेरच्या गाडीवर मिळणारा दुधीचा रस घरी करावा म्हणून पुष्कळ लोक ज्युसर घेतात. दुधीचा एक तुकडा आधी चाखा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या. साखर-मीठ घालून किंवा दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकू नका. कडू दुधीतल्या क्युकरबिटासिन या द्रव्यामुळे गंभीर विषबाधा होते, आपल्या देशात त्यानं माणसं दगावली आहेत. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब किंवा पोटदुखी सुरू झाली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

दुसरं मधुमेहाबद्दल. रस काढला की तंतू चोथ्यात जातात आणि साखर पेल्यात येते. तीन मोसंब्या सोलून खाताना पोट भरतं, तीन मोसंब्यांचा रस दोन घोटांत संपतो. घरात मधुमेही असतील तर रोजच्या रसाबद्दल त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, यंत्र नंतर घ्या.

गाजर-बिटाचा कोरडा चोथा थालीपिठाच्या भाजणीत छान मिसळतो, फक्त त्याच दिवशी वापरायचा.

परत करायची वेळ आली तर

तोललेले आकडे, अडकलेल्या यंत्राचा व्हिडिओ आणि बिल एका ठिकाणी ठेवा. "रस नीट येत नाही" या तक्रारीला ग्राहक सेवेवाला गोड बोलून गुंडाळतो. "५०० ग्रॅम गाजरांत एवढा रस, दुसऱ्या फेरीत आणखी एवढा, व्हिडिओ जोडला आहे" असं लिहिलं की त्याला उत्तर द्यावं लागतं. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि खोकं, थर्माकोल, आतल्या पिशव्या परतीची मुदत संपेपर्यंत जपून ठेवा. मुदत संपली की त्याच दिवशी खोकं रद्दीत द्या. ते घरात राहिलं तर ज्युसर परत त्यात जाऊन बसतो, हे मी नऊ वर्षं बघितलं आहे.